दुसरी किल्ली, दुसरी तार

प्रशासनाला 'दोन' या संख्येचे महत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. कोषागाराच्या तिजोरीखोलीला दुहेरी कुलूप असते. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. मोठ्या रकमेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात. या व्यवस्थांमागचा विचार एकच आहे: एकट्या व्यक्तीच्या हातून काही घडू नये. दोन्ही किल्ल्या हजर झाल्या तरच दार उघडते. शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलेली भाषा वापरायची तर ही 'एकसर जोडणी' झाली. तिच्यातला एक दुवा निखळला की काम थांबते, आणि ते थांबावे हाच तेथे उद्देश असतो.

परंतु दोनचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आपल्या तितकासा अंगवळणी पडलेला नाही. एक नसेल तेव्हा दुसऱ्याने काम चालवावे, ही 'समांतर जोडणी'. तिचेही एक सुरेख उदाहरण सरकारी नियमांतच सापडते. कार्यालयाच्या रोख पेटीची दुसरी किल्ली कार्यालयप्रमुखाच्या मोहरेने बंद करून कोषागारात किंवा बँकेत ठेवावी, तिची स्वतंत्र नोंदवही असावी, आणि दरवर्षी एप्रिल महिन्यात ती मागवून, तपासून, नवी मोहोर लावून परत पाठवावी, असा नियम आहे. किती साधा नियम, पण त्यात तीन गोष्टी पक्क्या बसवल्या आहेत. दुसरी किल्ली पहिलीपासून दूर राहते. तिची जबाबदारी कोणाची, हे लिहिलेले असते. आणि वर्षातून एकदा ती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी अगदी लहान आणि तांत्रिक आहे: कार्यालयातील जुन्या सर्व्हरला दुहेरी वीजपुरवठा कसा द्यावा. मात्र या लहान विषयाला मोठा इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे असे जाणवते की संगणकाबरोबर आपण 'दोन' वस्तू विकत घ्यायला शिकलो, पण किल्लीच्या नियमातील त्या तीन गोष्टी मात्र मागेच राहिल्या.

विजेऱ्यांची खोली

संगणकाच्या कितीतरी आधी सरकारकडे दोन यंत्रणा अशा होत्या की ज्या बंद पडणे परवडणारे नव्हते: तार आणि दूरध्वनी. तारयंत्र विजेऱ्यांवर चाले. दूरध्वनी केंद्राची रचना तर आजही अभ्यासण्याजोगी आहे. केंद्रातील सर्व यंत्रे ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालत. बाहेरून येणाऱ्या विजेचे काम ती बॅटरी सतत भरलेली ठेवणे एवढेच. त्यामुळे वीज गेली तरी यंत्रांना त्याचा पत्ता लागत नसे. 'पुरवठा बदलण्याचा क्षण' असा काही नसेच. वीज बराच काळ आली नाही तर डिझेल जनित्र सुरू होऊन बॅटरी पुन्हा भरू लागे. घरात अंधार असताना टेलिफोन मात्र वाजतो, याचे नवल आपल्यापैकी अनेकांना लहानपणी वाटले असेल. त्याचे कारण हेच. घरच्या फोनला लागणारी वीज त्या दोन बारीक तारांतून केंद्राच्या बॅटरीतूनच येत असे.

या यशाचे श्रेय केवळ बॅटरीला देता येणार नाही. विजेऱ्यांच्या खोलीत एक नोंदवही असे. ठरलेल्या दिवशी कर्मचारी निवडक घटांतील द्रवाची घनता मोजून ती वहीत लिहीत असे. वरिष्ठ तपासणीला आले की आधी ती वही पाहत. राखीव वस्तू निकामी झाली आहे हे संकटाच्या रात्री कळण्याऐवजी एखाद्या सामान्य मंगळवारी कळावे, यासाठीच तो सारा खटाटोप होता.

संगणक आला आणि कागद गेला

भारतीय प्रशासनात संगणक अवतरला तो आधी हिशेब आणि आकडेवारीसाठी. रात्री छापायचा तक्ता सकाळी छापला तरी कोणाचे अडत नसे. रांगेतला नागरिक थेट संगणकावर अवलंबून झाला तो रेल्वेच्या आरक्षणामुळे. १९८५-८६ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीकृत आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि लवकरच मुंबई, कोलकाता, मद्रास या शहरांत तो पोहोचला. १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. दिल्लीत बसून पुण्याहून परतीचे तिकीट काढता येणे ही त्या काळी केवढी सोय होती!

या यंत्रणेत एक जुनी शहाणीव टिकून राहिली होती. गाडी सुटण्यापूर्वी आरक्षणाचा तक्ता कागदावर छापला जाई. एकदा तो तिकीट तपासनिसाच्या हाती पडला की त्यानंतर संगणक बंद पडला तरी गाडी आणि प्रवासी यांचे काही बिघडत नसे. कागदाचा तो तक्ता म्हणजे संगणकाला दिलेली समांतर जोडणीच होती. २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर डब्यांना तक्ते चिकटवणे बंद झाले आणि पुढे तपासनिसांच्या हातीही विद्युत उपकरणे आली. कागद वाचला हे चांगलेच झाले. मात्र कागद करीत असलेले दुसरे काम आता कोण करणार, हा प्रश्न अशा प्रत्येक बदलाच्या वेळी विचारायला हवा.

जिल्ह्याच्या पातळीवर हाच प्रवास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, मार्गाने झाला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडली. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गच्चीवर तबकडी आणि खाली वातानुकूलित खोली, हे दृश्य आसामपासून केरळपर्यंत सर्वत्र दिसू लागले. या खोलीत शिरताना पादत्राणे बाहेर काढावी लागत. विजेची अवस्था मात्र इमारतीतल्या इतर कोणत्याही खोलीसारखीच असे.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' सुरू झाले. त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी या प्रकल्पाच्या मूल्यमापनांत गावातील केंद्रांच्या ज्या अडचणी नोंदल्या गेल्या, त्यांत अनियमित वीज आणि दूरध्वनीची कच्ची जोडणी या ठळक होत्या.

खरी कलाटणी कर्नाटकच्या 'भूमी' प्रकल्पाने दिली. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या जवळपास २ कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या आणि २००२ पर्यंत राज्यातील १७७ तालुक्यांत संगणकीय उतारा मिळू लागला. जेथे ही सेवा सुरू झाली तेथे हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता संपुष्टात आली. हा निर्णय धाडसी होता आणि योग्यही होता. कारण दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालू ठेवल्या असत्या तर हाताने लिहिलेल्या उताऱ्यातील जुने खेळ चालूच राहिले असते. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की त्या दिवसापासून तालुक्याच्या ठिकाणची वीज हा शेतकऱ्याच्या हक्काचा भाग झाला. पीककर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले आहेत, सर्व्हर बंद आहे, आणि 'लाइट नाही, उद्या या' असे उत्तर मिळाले आहे. ज्याने दिवसाची मजुरी बुडवून एसटीचे किंवा तिकडच्या बसचे भाडे खर्च केले आहे त्याच्या दृष्टीने यात तांत्रिक असे काही नसते. त्याला काम नाकारले गेले एवढेच त्याला कळते.

एका यंत्रात दोन पुरवठे

एकाच संगणकाला दोन वीजपुरवठे देण्याची कल्पना व्यापारी स्वरूपात रूढ केली ती अमेरिकेतील टँडम या कंपनीने. बँकांसाठी १९७६ मध्ये तिने बाजारात आणलेल्या यंत्रात प्रत्येक महत्त्वाचा भाग किमान दोन असे, वीजपुरवठाही. एक भाग यंत्र चालू असतानाच काढून बदलता येई. याच कंपनीतील जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये 'संगणक बंद का पडतात' याचा अभ्यास मांडला. नव्या यंत्रांतील सुरुवातीचे बिघाड वगळल्यावर सुमारे १८ टक्के वेळा यंत्राचा दोष निघाला, वीज आणि अन्य परिस्थिती सुमारे १४ टक्के, प्रणालीतील चुका सुमारे २५ टक्के. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४२ टक्के, होता तो यंत्र सांभाळणाऱ्यांच्या कारभाराचा, म्हणजे देखभाल, जोडणी, बदल करताना झालेल्या चुका. यंत्राची दुहेरी रचना यशस्वी झाल्यावर उरतो तो कारभाराचा प्रश्न, हे त्या अभ्यासाचे सार प्रशासनात काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असेच आहे.

१९९० च्या दशकात ही सोय सामान्य सर्व्हरांतही आली. सरकारी कार्यालयांत २००० नंतर जे सर्व्हर खरेदी झाले, त्यांपैकी कित्येकांच्या पाठीमागे पॉवर सप्लायसाठी दोन खाचा असत. त्यांतील एकीत पॉवर सप्लाय बसवलेला असे आणि दुसरीवर पत्र्याची झाकणी. दुसरा भाग 'ऐच्छिक' होता, आणि ऐच्छिक गोष्टी दरपत्रकातून आधी गळतात. असे जुने यंत्र आजही कुठे कुठे चालू असते, कारण त्यावरची प्रणाली नव्या यंत्रावर हलवण्याचे काम राहून गेलेले असते. त्याला दुसरा पुरवठा द्यायचा असेल तर काय पाहावे, हे येथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट यंत्राच्या क्षमतेची. काही नमुन्यांत रिकाम्या खाचेमागे दुसरा पुरवठा स्वीकारणारी पट्टीच नसते; तेथे नुसता भाग सरकवून काही होत नाही. काही जुन्या यंत्रांत भाग दोन, पण बाहेरून येणारी वायर एकच असते. तेथे भाग जळाला तर संरक्षण मिळते, प्लग निघाला तर मिळत नाही. नवा भाग त्याच बनावटीचा आणि तितक्याच क्षमतेचा असावा. मोडीत काढलेल्या दुसऱ्या यंत्रातून काढलेला भाग तितकाच म्हातारा असतो, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट बेरजेची. दोन्ही भाग चालू असताना ते भार साधारण निम्मा निम्मा वाटून घेतात. एक बंद पडला की दुसरा तत्क्षणी सर्व भार उचलतो. म्हणून यंत्राचा एकूण भार एकट्या भागाच्या क्षमतेपेक्षा कमी असायला हवा. समजा ५०० वॉटचे दोन भाग आहेत आणि यंत्राला ३८० वॉट लागतात. ही व्यवस्था सुरक्षित आहे. पुढे कोणी अधिक डिस्क आणि मेमरी बसवली आणि गरज ५६० वॉटवर गेली. यंत्र चालूच राहते, दोन्ही हिरवे दिवे लागलेलेच राहतात, काहीही तक्रार येत नाही. मात्र आता यंत्राला दोघांचीही गरज आहे. समांतर जोडणी कोणाच्याही नकळत एकसर झाली, आणि बिघाडाची शक्यता एकच पुरवठा असलेल्या यंत्रापेक्षाही साधारण दुप्पट झाली.

तिसरी गोष्ट उगमाची. दोन वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या असणे हे आपल्याकडचे अगदी नेहमीचे दृश्य. तो बोर्ड झाडूवाल्याच्या पायात अडकला की दोन्ही पुरवठे एकदम जातात. दोन वायरी दोन वेगळ्या यूपीएसवर, आणि ते दोन वेगळ्या एमसीबीवर असावेत. दुसऱ्या यूपीएसला पैसा नसेल तर एक वायर यूपीएसवर आणि दुसरी जनित्राचा आधार असलेल्या सरळ विजेवर ठेवावी. कारण यूपीएस हेही यंत्रच आहे, तेही बिघडते. दोन सॉकेट दोन निराळ्या फेजवर घेतले तर त्यांच्यामधला विद्युतदाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो, तेव्हा हे काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे आणि सॉकेटांवर ठळक खूण करावी. सर्व्हरला दोन पुरवठे आणि खोलीच्या वातानुकूलन यंत्राला एकही राखीव नाही, असे असेल तर तासाभरात यंत्र उष्णतेने बंद पडेल, तेही लक्षात घ्यावे.

चौथी गोष्ट परीक्षेची, आणि तीच बहुधा टाळली जाते. आधी संपूर्ण माहितीची प्रत काढावी आणि ती वाचता येते याची खात्री करून घ्यावी. कारण वर्षानुवर्षे अखंड फिरत असलेल्या जुन्या डिस्क एकदा थांबल्या की पुन्हा फिरतीलच असे नाही. मग कामाची गर्दी नसताना, सर्वांना पूर्वसूचना देऊन, पहिली वायर काढावी आणि यंत्र अर्धा तास दुसऱ्यावर चालू द्यावे. नंतर उलट करावे. तारीख, वेळ आणि सही नोंदवहीत यावी. वायर काढायला ज्या कार्यालयाचे मन धजावत नाही, त्याने आपल्याकडे दुहेरी पुरवठा आहे असे समजू नये.

नरोरा, ३१ मार्च १९९३

दोन पुरवठे 'असणे' आणि ते परस्परांपासून 'स्वतंत्र असणे' यांतील अंतर दाखवणारी याहून मोठी घटना आपल्या देशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे त्याच्या पहिल्या संचातील टर्बाइनची पाती तुटली. प्रचंड कंपनांनी जनित्रातील हायड्रोजन वायू बाहेर पडला आणि त्याने पेट घेतला. तेलानेही पेट घेतला आणि आग केबलींच्या मार्गाने पसरत गेली.

अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातील उष्णता लगेच थांबत नाही. तिला थंड ठेवण्यासाठी पंप लागतात आणि पंपांना वीज. याची पूर्ण जाणीव असल्यामुळेच अशा केंद्रात वीजपुरवठ्याच्या एकापेक्षा अधिक श्रेणी ठेवलेल्या असतात: बाहेरची वीज, डिझेल जनित्रे, बॅटऱ्या. नरोऱ्यात या सर्व श्रेणी होत्या. पण त्यांच्या केबली एकाच मार्गाने, मध्ये आगीला अडवणारा अडसर न ठेवता नेलेल्या होत्या. जनित्रे होती, बॅटऱ्याही होत्या. त्यांची वीज पोहोचवणारी वाटच जळाली. केंद्र सुमारे १७ तास पूर्ण अंधारात होते. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तो सोडावा लागला.

त्या रात्री केंद्र वाचले ते माणसांमुळे. चालकांनी आग लागल्यावर मिनिटभराच्या आत अणुभट्टी हाताने बंद केली. काही जण हातात विजेऱ्यांचे दिवे घेऊन अणुभट्टीच्या इमारतीवर चढले आणि त्यांनी झडपा हाताने उघडून बोरॉनचे द्रावण आत सोडले, म्हणजे अणुविभाजन पुन्हा सुरू होणार नाही. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी पुरवून उष्णता काढून घेतली गेली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली.

अणुवीज केंद्र आणि तालुका कार्यालयातील सर्व्हर यांची तुलना अतिशयोक्त वाटेल. परिणामांच्या दृष्टीने ती आहेच. रचनेतील चूक मात्र तीच आहे. कागदावरील आराखड्यात चार रेषा वेगवेगळ्या रंगांत काढलेल्या असतात. भिंतीत त्या एकाच नळीतून जातात. आराखडा मंजूर करणारा अधिकारी रेषा मोजतो. नळ्या मोजायला कोणाला तरी जागेवर जावे लागते.

३० जुलै २०१२

दुसरा धडा वेळेच्या संदर्भातला आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी संपूर्ण उत्तर भारताची वीज गेली. ती दिवसभरात सावरते न सावरते तोच ३१ जुलैला दुपारी १ वाजता उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारताचीही गेली. सुमारे ४८,००० मेगावॉटचा भार कोसळला आणि ६० कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश विजेविना राहिला. शेकडो रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, पूर्वेकडील कोळसा खाणींत खाणकामगार अडकून पडले. दिल्ली, लखनौ, कोलकाता, गुवाहाटी येथे राहणाऱ्या मराठी वाचकांना ते दोन दिवस आठवत असतील. पश्चिमेची जाळी शाबूत असल्याने महाराष्ट्रातील त्यांच्या नातलगांना ते दूरचित्रवाणीवर कळले.

चौकशी समितीच्या अहवालातून जे पुढे आले ते असे. पश्चिमेकडून उत्तरेकडे वीज नेणाऱ्या बिना–ग्वाल्हेर–आग्रा या ४०० केव्ही मार्गाच्या दोन वाहिन्या होत्या. त्यांतील एक वाहिनी क्षमता वाढवण्याच्या कामासाठी नियोजनपूर्वक बंद ठेवली होती. इतरही काही जोडण्या त्या वेळी उपलब्ध नव्हत्या. उत्तरेकडील राज्ये ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक वीज ओढत होती. उरलेल्या एका वाहिनीवर भार इतका वाढला की संरक्षक यंत्रणेने तो दोष समजून ती तोडली. तिचा भार शेजारच्या मार्गांवर गेला आणि एकामागून एक मार्ग कोसळत गेले. अशा प्रसंगी आपोआप भार कमी करणारी जी साधने जागोजागी बसवलेली असणे अपेक्षित होते, त्यांच्याकडून पुरेसा दिलासा मिळाला नाही, हेही अहवालात नोंदले आहे.

वीजजाळ्याच्या नियोजनात एक जुना दंडक आहे: कोणताही एक घटक निखळला तरी उरलेल्यांनी भार पेलावा. हा दंडक कागदावर पाळला गेला होता. परंतु दुरुस्तीसाठी एक घटक काढला की त्या दिवसापुरता राखीव घटक उरत नाही, आणि मग बेरीज नव्याने करावी लागते. आपल्या सर्व्हरचेही तसेच आहे. एक पॉवर सप्लाय दुरुस्तीला गेला की तो परत येईपर्यंतचा काळ हा राखीव नसलेला काळ असतो. तो किती दिवसांचा, हे बिघाडावर कमी आणि खरेदीच्या फाइलीवर अधिक अवलंबून असते. अनेकदा तर दोनांतील एक बंद पडल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. यंत्राच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून लागलेला तो लहानसा पिवळा दिवा पाहायला जाणार कोण?

'दोन कशासाठी?'

एवढे सगळे समजत असूनही दुसरी वायर राहून का जाते? मला त्याचे कारण तांत्रिक वाटत नाही. आपल्या कार्यालयीन भाषेत 'अतिरिक्त' या शब्दाला फार वाईट वास आहे. अतिरिक्त पद म्हणजे रद्द करायचे पद, अतिरिक्त कर्मचारी म्हणजे इतरत्र पाठवायचा कर्मचारी. लेखापरीक्षणात जी वस्तू वर्षभर वापरली गेली नाही तिच्यावर आक्षेप येतो. राखीव वस्तूचे तर सारे सौभाग्यच यात आहे की ती वापरावी लागू नये! जो अधिकारी दुसरा पॉवर सप्लाय मागतो त्याला खुलासा द्यावा लागतो. जो मागत नाही त्याला सर्व्हर बंद पडल्यावरही खुलासा द्यावा लागत नाही, कारण तेव्हा दोष विजेचा असतो.

यावर उपाय म्हणून एकत्रीकरणाची वाट निवडली गेली, आणि ती बऱ्याच अंशी बरोबर होती. मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली, तिच्याखाली प्रत्येक राज्यात माहिती केंद्रे उभी राहिली, पुढे क्लाउड आले. तेथे दोन स्वतंत्र वीजमार्ग, रांगेने यूपीएस आणि जनित्रे असतात, प्रत्येक रॅकला दोन बाजूंनी वीज येते. तालुक्याला जे परवडत नाही ते राज्याला एकदाच परवडते. परंतु माहिती राजधानीत सुरक्षित असली तरी खिडकीवरचा संगणक, तेथला छापखाना आणि जोडणीचे उपकरण तालुक्यातच असते. त्याची वीज गेली तर रांगेतल्या माणसाला दूरच्या केंद्राची सुरक्षितता काय कामाची? शिवाय सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की ती टोपली सांभाळणाऱ्यावरचा भार वाढतो. तेथील एक चूक पूर्वी एका तालुक्याला भोवत असे, आता संपूर्ण राज्याला भोवते.

म्हणून मला असे वाटते की नव्या नियमांची वाट पाहण्यापेक्षा जुना नियमच थोडा पुढे न्यावा. दुसरी वायर ही दुसरी किल्ली समजावी. ती पहिलीपासून खरोखर वेगळ्या उगमावर आहे, हे कार्यालयप्रमुखाने स्वतः वायरीचा माग घेत जाऊन एकदा पाहावे. याला पंधरा मिनिटे लागतात आणि अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. तिची जबाबदारी एका नावावर लिहावी, आणि बदली झाली की कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत तिचा उल्लेख करावा. दरवर्षी एप्रिलमध्ये, रोख पेटीची किल्ली मागवली जाते त्याच आठवड्यात, पहिली वायर अर्धा तास काढून ठेवावी. एप्रिल हा महिना एरवीही चांगला आहे. उन्हाळ्याचे भारनियमन आणि पावसाळ्यातील बिघाड अजून पुढे असतात, आणि खरिपाच्या कर्जासाठी उताऱ्यांची गर्दी व्हायला काही आठवडे उरलेले असतात. राखीव पुरवठा निकामी निघालाच, तर तो बदलायला तेवढा अवधी पुरेसा आहे.